बजरीगर पिल्लांचे पहिले निर्मोचन आणि वर्तन

बजरीगर (शास्त्रीय नाव: मेलोप्सिटाकस अंड्युलेटस) हा मूळचा ऑस्ट्रेलियातील लहान आकाराचा पोपट असून जगभर तो पाळीव पक्षी म्हणून परिचित आहे. पक्ष्याची जुनी पिसे गळून त्यांच्या जागी नवी पिसे येण्याच्या प्रक्रियेस निर्मोचन असे म्हणतात. बजरीगरच्या पिल्लांमध्ये पहिले निर्मोचन साधारणतः ३ ते ४ महिन्यांच्या वयात होते. याच काळात पक्ष्याचे कपाळ, डोळे आणि नाकपुड्यांभोवतीची त्वचा यांचे रूप बदलते, तसेच त्याच्या वागण्यातही फरक पडतो. पिंजऱ्याच्या तळाशी अचानक दिसणारी पिसे, डोक्यावर उगवणारे काट्यांसारखे कोंब आणि पक्ष्याची सुस्ती या गोष्टी प्रथमच पक्षी पाळणाऱ्यांना आजारासारख्या वाटतात. याउलट, खऱ्या आजाराची लक्षणे ‘पिसे गळत असतील’ असे समजून दुर्लक्षिली जाण्याचीही शक्यता असते. त्यामुळे नैसर्गिक बदल आणि रोग यांतील फरक ओळखणे या पक्ष्याच्या संगोपनात महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी

बजरीगर ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या गवताळ व झुडपी प्रदेशांत मोठ्या थव्यांनी राहतो. पाऊस आणि गवताचे बी यांच्या शोधात हे थवे सतत स्थलांतर करतात. १८०५ साली जॉर्ज शॉ यांनी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये काही जिवंत पक्षी इंग्लंडमध्ये आणल्यानंतर युरोपात तो पाळण्याची प्रथा रूढ झाली. ‘मेलोप्सिटाकस’ या प्रजातिनामाचा अर्थ ‘सुस्वर पोपट’ असा, तर ‘अंड्युलेटस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘लहरींचे नक्षीकाम असलेला’ असा आहे. डोके, मान व पाठ यांवरील काळ्या नागमोडी रेषांवरून हे नाव पडले असून, पिल्लाचे वय ओळखण्याची पहिली खूणही याच रेषा असतात.

प्रौढ रानटी बजरीगरची लांबी सुमारे १८ सेंमी. आणि वजन सुमारे ३० ते ४० ग्रॅम असते. पाळीव पक्षी, विशेषतः प्रदर्शनासाठी पैदास केलेले, याहून मोठे असू शकतात. रानटी पक्ष्याचा रंग हिरवा व पिवळा असतो. निळे, पांढरे, पूर्ण पिवळे, राखाडी आणि ठिपक्यांचे पक्षी हे पाळीव पैदाशीतून निर्माण झालेले प्रकार आहेत. महाराष्ट्रासह भारतातील पक्षिबाजारांत बजरीगर बहुधा ‘लव्हबर्ड’ या नावाने विकला जातो. प्रत्यक्षात लव्हबर्ड हा आफ्रिकेतील आखूड शेपटीच्या पोपटांचा वेगळा गट आहे. निर्मोचनाचा काळ आणि पिल्लाच्या खुणा या दोहोंत निराळ्या असल्याने पक्ष्याची नेमकी ओळख आधी पटवून घ्यावी लागते.

पिसांची रचना आणि वाढ

पीस हे केस व नखांप्रमाणेच केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते. पूर्ण वाढलेले पीस ही निर्जीव रचना असते. ते झिजले, तुटले किंवा मळले तर त्याची दुरुस्ती शरीर करू शकत नाही. त्यामुळे ते ठरावीक काळाने बदलावेच लागते. उड्डाण, शरीराची ऊब, पाण्यापासून संरक्षण आणि जोडीदाराला आकर्षित करणे ही सर्व कार्ये पिसांवर अवलंबून असल्याने हा बदल पक्ष्याच्या जीवनात अपरिहार्य ठरतो.

प्रत्येक पीस त्वचेतील एका लहान खळग्यातून, म्हणजे पिसाच्या कूपातून उगवते. नवे पीस वाढू लागले की जुने पीस त्याच्या रेट्याने बाहेर ढकलले जाते. उगवते पीस सुरुवातीला एका मेणचट, पांढुरक्या वेष्टनात गुंडाळलेले असते व टोकदार काडीसारखे दिसते. या अवस्थेत त्याच्या मुळाशी रक्तपुरवठा चालू असतो, म्हणून मोठ्या पिसांच्या कोंबांचे बूड गडद किंवा जांभळट दिसते. पीस पुरे वाढले की रक्तपुरवठा बंद होतो, वेष्टन सुकून टोकाकडून मुळाकडे फुटत जाते आणि आतील पीस उलगडते. पक्षी स्वतःच्या चोचीने हे वेष्टन कुरतडून काढतो. निर्मोचनाच्या काळात पिंजऱ्याभोवती दिसणारी कोंड्यासारखी पांढरी भुकटी प्रामुख्याने या वेष्टनाचीच असते.

पोपटांच्या पिसांतील पिवळा व लाल रंग सिटॅकोफल्विन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. इतर अनेक पक्षी पिवळा-लाल रंग अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांपासून मिळवतात, तर पोपट आपली रंगद्रव्ये स्वतःच्या शरीरातच तयार करतात. निळा रंग मात्र कोणत्याही रंगद्रव्याचा नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरल्याने दिसतो. पिवळे द्रव्य आणि निळी रचना एकत्र आली की पक्षी हिरवा दिसतो. पिवळे द्रव्य तयार होण्याची क्रिया आनुवंशिक बदलामुळे थांबली, तर तोच पक्षी निळा होतो. त्यामुळे निर्मोचनानंतर हिरव्या पिल्लाचा निळा पक्षी होत नाही. रंग अधिक गडद, स्वच्छ व तकतकीत होतो, मूळ रंगप्रकार तोच राहतो.

अंड्यापासून घरटे सोडण्यापर्यंत

मादी साधारणतः एका दिवसाआड एक याप्रमाणे ४ ते ६ अंडी घालते. सुमारे १८ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. जन्मतः ती उघडी, आंधळी आणि पूर्णपणे परावलंबी असतात. सुमारे दहाव्या दिवशी डोळे उघडतात. त्याच सुमारास अंगावर मऊ लव येऊ लागते आणि त्यानंतर पंख व शेपटीच्या मोठ्या पिसांचे कोंब दिसू लागतात. चौथ्या आठवड्यापर्यंत पिल्लू पिसांनी झाकले जाते आणि ३० ते ३५ दिवसांचे झाल्यावर घरटे सोडते. यानंतरही काही दिवस नर त्याला भरवत असतो. दाणे सोलून स्वतः खाण्याचे कौशल्य या काळात पिल्लू पाहून व प्रयत्न करून शिकते.

नुकतेच घरटे सोडलेले पिल्लू दाण्यांशी चोचीने खेळते, पण त्यातील फारच थोडे त्याच्या पोटात जाते. ते पूर्णपणे स्वतः खाऊ लागण्यापूर्वी विकले गेले, तर दाण्यांनी भरलेल्या भांड्यासमोरही उपाशी राहू शकते. बजरीगर दाणा सोलून फोलपट भांड्यातच टाकतो, त्यामुळे वरवर भरलेले दिसणारे भांडे प्रत्यक्षात केवळ फोलपटांचे असू शकते. ही फोलपटे दररोज फुंकून काढणे किंवा दाणे बदलणे आवश्यक असते.

पहिल्या निर्मोचनापूर्वीच्या खुणा

पहिले निर्मोचन न झालेला बजरीगर पुढील लक्षणांवरून ओळखता येतो:

• कपाळावरील रेषा: काळ्या आडव्या रेषा चोचीच्या मुळापर्यंत पोहोचलेल्या असतात. प्रौढ पक्ष्याचे कपाळ स्वच्छ पिवळे किंवा पांढरे असते.
• डोळे: बुबुळ व त्याभोवतीचे कडे दोन्ही गडद असल्याने डोळा मोठा व एकसारखा काळा दिसतो. प्रौढ पक्ष्यात बाहुलीभोवती फिकट पांढरे वलय असते.
• गळ्यावरील ठिपके: लहान, अस्पष्ट किंवा अनियमित असतात.
• चोच: काही पिल्लांच्या चोचीवर गडद छटा असते व ती वयानुसार नाहीशी होते.
• नाकपुड्यांभोवतीची त्वचा: नर पिल्लात ती एकसारखी गुलाबी-जांभळट, तर मादी पिल्लात फिकट निळसर किंवा पांढुरकी असून नाकपुड्यांभोवती पांढरी वलये दिसतात.

ही लक्षणे सर्व रंगप्रकारांना सारखी लागू पडत नाहीत. पूर्ण पिवळ्या (ल्युटिनो) व पूर्ण पांढऱ्या (अल्बिनो) पक्ष्यांत काळे रंगद्रव्यच नसल्याने रेषा दिसत नाहीत आणि डोळे लाल असतात. ठिपकेदार पक्ष्यांच्या एका प्रकारात प्रौढपणीही डोळ्याभोवती पांढरे वलय येत नाही. या तिन्ही प्रकारांतील प्रौढ नराच्या नाकावरील त्वचा निळी न होता गुलाबी-जांभळटच राहते. त्यामुळे केवळ एका खुणेवरून वय किंवा लिंग ठरवल्यास चूक होऊ शकते.

पहिले निर्मोचन

बहुतेक पिल्लांत पहिल्या निर्मोचनाची सुरुवात १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास होते. सुरुवातीस पिंजऱ्याच्या तळाशी छातीची व पोटाची लहान मऊ पिसे दिसू लागतात. त्यानंतर डोके, मान व गाल यांवर पांढुरके कोंब उगवतात. कपाळावरील रेषांची पिसे गळून तेथे एकरंगी पिसे येतात आणि रेषांची सीमा हळूहळू डोक्याच्या मागील भागाकडे सरकते. काही आठवडे कपाळ अर्धे रेषांचे व अर्धे स्वच्छ असे दिसू शकते. साधारणतः चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत डोके प्रौढ पक्ष्यासारखे होते. डोळ्यातील फिकट वलय याच्या जोडीने किंवा काहीसे नंतर उमटते. ते पूर्ण स्पष्ट होण्यास आठव्या महिन्यापर्यंतचा काळ लागू शकतो. नराच्या नाकावरील त्वचा हळूहळू निळी होते, तर मादीची त्वचा फिकट राहून प्रजननकाळात तपकिरी व खरखरीत होते.

या पहिल्या बदलात प्रामुख्याने डोके व धडावरील लहान पिसे बदलतात. पंखांतील व शेपटीतील मोठी पिसे सावकाश आणि बहुतांशी नंतर बदलतात. पोपटांच्या पंखात टोकाकडील १० प्राथमिक उड्डाणपिसे असतात. ती गळण्याची सुरुवात मधल्या, बहुधा सहाव्या पिसापासून होते आणि तेथून दोन्ही दिशांना पुढे जाते. दोन्ही पंखांत हा बदल साधारण एकाच क्रमाने होत असल्याने पक्ष्याचा तोल टिकतो. बदके सर्व उड्डाणपिसे एकाच वेळी गाळतात व काही काळ उडू शकत नाहीत. पोपटांत असे घडत नाही. निरोगी बजरीगर निर्मोचनाच्या कोणत्याही टप्प्यावर उडू शकतो आणि त्याच्या अंगावर उघडी त्वचा दिसत नाही.

निर्मोचनावर अवटू ग्रंथीची संप्रेरके, दिवसाची लांबी, तापमान, आहार आणि प्रजनन यांचा प्रभाव असतो. बजरीगर पावसानुसार वर्षात केव्हाही प्रजनन करणारा पक्षी असल्यामुळे त्याच्या निर्मोचनाचा ऋतू काटेकोर नसतो. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे चालू राहत असतील, तर त्यात आणखी अनियमितता येते. पहिल्या निर्मोचनानंतर पाळीव पक्षी वर्षातून एकदा ते काही वेळा पिसे बदलतो आणि अधूनमधून एखाद-दुसरे पीस वर्षभर गळत राहते.

निर्मोचनकाळातील वर्तन

नवी पिसे तयार करण्यासाठी शरीराला प्रथिने व ऊर्जा यांची अधिक गरज भासते. शिवाय जुनी पिसे कमी झाल्यामुळे शरीरातील उष्णताही जास्त प्रमाणात बाहेर जाते. यामुळे या काळात पक्षी अधिक वेळ झोपतो, कमी बोलतो, कमी उडतो आणि दुपारी पिसे फुगवून बसतो. कोंबांच्या ठिकाणी खाज सुटत असल्याने तो डोके दांडीवर किंवा पिंजऱ्याच्या तारांवर घासतो, पायाने मान खाजवतो आणि दिवसातील बराच वेळ पिसे विंचरण्यात घालवतो.

कोवळे कोंब स्पर्शास संवेदनशील असतात. एरवी हातावर बसणारा पक्षी या दिवसांत हात टाळतो किंवा चावा घेतो, तो यामुळेच. हा बदल तात्पुरता असतो. पक्ष्याला स्वतःच्या डोक्यावरील वेष्टने चोचीने काढता येत नाहीत. थव्यात किंवा जोडीत दुसरा पक्षी ते काम करतो. एकटा पाळलेला पक्षी त्यासाठी माणसापुढे डोके झुकवतो. अशा वेळी सुकून पांढरे झालेले वेष्टन बोटांच्या चिमटीत अलगद चुरता येते. मात्र बूड गडद असलेला कोंब दाबल्यास वेदना होतात व रक्त येऊ शकते.

पाळणाऱ्यांकडून होणारी एक चूक म्हणजे हे कोंब ओढून काढणे किंवा खाज थांबावी म्हणून अंगाला तेल अथवा मलम लावणे. तेलामुळे पिसे एकमेकांना चिकटतात, त्यांची ऊब धरून ठेवण्याची क्षमता नष्ट होते आणि पिसे विंचरताना ते पक्ष्याच्या पोटात जाते. खाज कमी होण्यासाठी साध्या पाण्याची उथळ ताटली किंवा ओल्या पालेभाजीची जुडी पुरेशी असते. ऑस्ट्रेलियात हे पक्षी दवाने ओल्या गवतात लोळून स्नान करतात. पिंजऱ्यातील पक्षी ओल्या कोथिंबिरीत तसेच करताना दिसतो.

तरुण पक्ष्याचे सामान्य वर्तन

पुढील वर्तन तरुण बजरीगरमध्ये नैसर्गिक मानले जाते.

झोप व विश्रांती. निरोगी पक्षी रात्री १० ते १२ तास झोपतो आणि दिवसाही डुलक्या घेतो. एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेणे आणि मान मागे वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसणे ही निश्चिंत झोपेची लक्षणे होत. झोपण्यापूर्वी वरची व खालची चोच एकमेकींवर घासल्याचा बारीक करकर आवाज येतो. तो समाधानाचा निदर्शक समजला जातो. अगदी लहान पिल्ले घरट्यातील सवयीप्रमाणे पिंजऱ्याच्या तळाशी पोटावर पडूनही झोपतात. प्रौढ पक्ष्याने तळाशी बसणे मात्र आजाराचे चिन्ह असू शकते.

ताण देणे, शहारणे व जांभई. एका बाजूचा पंख व पाय एकाच वेळी मागे ताणणे, दोन्ही पंख वर उचलणे आणि पिसे फुगवून एकदम शहारणे या क्रिया दिवसातून अनेकदा दिसतात. बजरीगरमध्ये जांभई एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे पसरते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले.

चावणे व कुरतडणे. पोपट चोचीचा उपयोग हातासारखा करतात. बसण्यापूर्वी नवी फांदी किंवा बोट चोचीने चाचपून पाहणे म्हणजे चावा घेणे नव्हे. अशा वेळी हात झटक्याने मागे घेतल्यास पक्षी हाताला घाबरू लागतो. कागद, लाकूड, पडदे आणि विजेच्या तारा कुरतडण्याची प्रवृत्ती पहिल्या वर्षी तीव्र असते. कडुनिंब, पेरू यांसारख्या झाडांच्या कीटकनाशक न फवारलेल्या ताज्या फांद्या दिल्यास या प्रवृत्तीस निर्धोक वाट मिळते आणि चोच व नखेही झिजतात.

आवाज व अनुकरण. घरटे सोडलेली पिल्ले आई-वडिलांकडे अन्नाची मागणी करणारे कर्कश आवाज काढतात. स्वतः खाऊ लागल्यावर ते बंद होतात. त्यानंतर पक्षी हळू आवाजात, बऱ्याचदा डोळे अर्धवट मिटून, ऐकलेल्या ध्वनींची जुळवाजुळव करू लागतो. बजरीगर आयुष्यभर नवे आवाज शिकू शकतो. नर आपल्या जोडीदारिणीच्या हाकेची नक्कल करून तिच्याशी आवाज जुळवतो. माणसाच्या बोलण्याची नक्कल हे याच क्षमतेचे रूप असून ती नरांत अधिक आढळते. कॅलिफोर्नियातील पक नावाच्या बजरीगरच्या नावे १,७२८ शब्दांच्या संग्रहाचा विक्रम गिनेस बुकात नोंदलेला आहे.

अन्न उलटून काढणे. पहिल्या निर्मोचनानंतर तरुण नर डोके वरखाली हलवून गळ्यातील अन्न बाहेर काढतो व ते जोडीदाराला, आरशाला किंवा खेळण्याला भरवू पाहतो. ही प्रणयक्रिया आहे. अन्न नेमक्या एखाद्या ‘प्रिय’ वस्तूवर ठेवले जाते आणि पक्षी उत्साही असतो. उलटी होत असेल, तर पक्षी डोके झटकतो, अन्न इतस्ततः उडते आणि डोक्याची पिसे चिकट होतात. आरशाशी अतिरेकी जवळीक दिसल्यास आरसा काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो.

रात्रीची घबराट. अंधारात अचानक आवाज झाल्यास किंवा प्रकाश चमकल्यास पक्षी पिंजऱ्यात अंदाधुंद उडतो. अशा वेळी वाढीस लागलेली मोठी पिसे तुटण्याचा धोका असतो. फटाक्यांच्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत ठेवून मंद दिवा चालू ठेवल्यास घबराट कमी होते.

आहार व निगा

बजरीगरचा पारंपरिक आहार म्हणजे राळे, वरी, बाजरी यांसारखी बारीक तृणधान्ये. केवळ यांवर वाढवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व, कॅल्शियम, आयोडीन आणि केराटिनसाठी लागणारी गंधकयुक्त ॲमिनो आम्ले पुरेशी मिळत नाहीत. आयोडीनच्या अभावी बजरीगरमध्ये अवटू ग्रंथी सुजते. त्यामुळे धान्यासोबत मेथी, कोथिंबीर, पालक, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, मोड आलेली कडधान्ये व धान्ये, तसेच कॅल्शियमसाठी समुद्रफेणी देतात. निर्मोचनकाळात आठवड्यातून एक-दोनदा उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा दिल्यास प्रथिनांची गरज भागते. उरलेले अंडे व भिजवलेले दाणे काही तासांत काढून टाकावे लागतात. कोकणासारख्या दमट हवेच्या भागात पावसाळ्यात साठवलेल्या दाण्यांना बुरशी लागते व ती पक्ष्यांना घातक ठरते. म्हणून त्या काळात दाणे थोडे-थोडे आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे श्रेयस्कर असते. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कॉफी व मद्य पक्ष्यांना विषारी असतात.

पक्ष्यांची श्वसनसंस्था नाजूक असते. न चिकटणारा लेप दिलेले भांडे जास्त तापल्यास निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि सुगंधी फवारे यांचा धूरही पिंजऱ्यापासून दूर ठेवणे आवश्यक असते.

अनेक ठिकाणी पिल्ले पंख कापून विकली जातात. कापलेले पीस निर्जीव असल्याने ते पुन्हा वाढत नाही. निर्मोचनात ते गळून नवे पीस आले की पक्षी पूर्ववत उडू लागतो. हा बदल क्रमाक्रमाने होत असल्याने पाळणाऱ्याच्या तो ध्यानात येत नाही. महिनोन्‌महिने न उडालेला पक्षी अशा वेळी उघड्या खिडकीतून निघून जातो किंवा छताच्या फिरत्या पंख्यावर आदळतो. शिवाय कापलेल्या पिसांमध्ये उगवणाऱ्या एकट्या कोंबाला शेजारच्या लांब पिसांचा आधार नसतो, त्यामुळे तो सहज तुटतो.

तुटलेल्या कोंबातून रक्त येणे ही तातडीची बाब असते. पक्ष्याच्या शरीरातील रक्त त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे ३५ ग्रॅमच्या बजरीगरमध्ये सुमारे साडेतीन मिलिलीटर असते. त्यामुळे माणसाच्या दृष्टीने किरकोळ वाटणारा रक्तस्रावही त्याच्यासाठी गंभीर असू शकतो. अशा वेळी तुटलेल्या जागी मक्याचे पीठ (कॉर्नफ्लॉवर) लावून स्वच्छ कापडाने हलका दाब देतात व रक्त न थांबल्यास पशुवैद्याकडे नेतात.

असामान्य लक्षणे

रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेस लवकर पडतो. त्यामुळे आजार लपवण्याची प्रवृत्ती पोपटांत उपजत असते आणि लक्षणे उघड दिसेपर्यंत रोग बराच वाढलेला असू शकतो. निर्मोचनात पक्षी सुस्त असला तरी खातो, हाकेला प्रतिसाद देतो आणि संध्याकाळी काही काळ तरी चपळ असतो. पुढील लक्षणे मात्र निर्मोचनाची नसतात:

• अंगावर उघडी त्वचा दिसणे, त्वचा लाल होणे किंवा रक्त येणे.
• दिवसभर पिसे फुगवून, दोन्ही पायांवर, डोळे मिटून बसणे.
• प्रत्येक श्वासासोबत शेपटी वरखाली हलणे किंवा चोच उघडी ठेवून श्वास घेणे.
• नाकातून अथवा डोळ्यांतून स्राव, डोक्यावरील पिसे चिकट होणे.
• विष्ठेचा रंग किंवा घट्टपणा बदलून तसाच राहणे.
• नवी पिसे वाकडी, मध्येच आवळलेली किंवा वेष्टनातून न उलगडणारी असणे.
• वजन सुमारे एक दशांशाने घटणे.

फुगलेल्या पिसांखाली पक्ष्याचा कृशपणा दिसत नाही. म्हणून एका ग्रॅमपर्यंत अचूक मोजणाऱ्या स्वयंपाकघरातील काट्यावर ठरावीक वेळी वजन करून नोंद ठेवणे, ही आजार लवकर ओळखण्याची साधी व विश्वसनीय पद्धत आहे.

पिसांशी संबंधित रोग

पिल्लांच्या पंखांतील व शेपटीतील मोठी पिसे घरटे सोडण्याच्या सुमारासच गळणे किंवा तुटणे या विकारास ‘फ्रेंच मोल्ट’ असे म्हणतात. अशी पिल्ले उडू शकत नाहीत व जमिनीवर धावत राहतात. नावात निर्मोचनाचा उल्लेख असला तरी ही नैसर्गिक पिसगळ नव्हे. पॉलिओमाव्हायरस आणि सर्कोव्हायरस या विषाणूंशी तिचा संबंध आढळला आहे. पॉलिओमाव्हायरसमुळे घरट्यातील पिल्ले मोठ्या संख्येने दगावू शकतात. सर्कोव्हायरसमुळे होणाऱ्या चोच व पिसांच्या रोगात नवी पिसे विकृत होतात, प्रतिकारशक्ती घटते आणि रोग पिसांच्या भुकटीतून व विष्ठेतून इतर पोपटांत पसरतो. म्हणून नवा पक्षी काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवूनच जुन्या पक्ष्यांत मिसळवतात.

चोच, नाक व पाय यांवर स्पंजासारखे पांढुरके खवले येणे हे क्नेमिडोकॉप्टीस नावाच्या सूक्ष्म माइटचे लक्षण असून औषधाने ते बरे होते. पक्षी स्वतःच पिसे उपटत असेल, तर त्यामागे त्वचारोग, अंतर्गत आजार, एकटेपणा किंवा कंटाळा यांपैकी कारण असू शकते. अशा पक्ष्याची छाती, पोट व पंखांखालचा भाग उघडा पडतो, पण डोके शाबूत राहते, कारण तेथे त्याची चोच पोहोचत नाही. डोक्याचीच पिसे गेली असतील, तर सोबतचा पक्षी उपटत आहे किंवा रोग झाला आहे, असा निष्कर्ष निघतो. क्लॅमिडिया सिटासी या जीवाणूमुळे होणारा सिटॅकोसिस हा रोग पोपटांकडून माणसांस होऊ शकतो. वाळलेली विष्ठा व पिसांची धूळ श्वासावाटे शरीरात गेल्याने त्याची लागण होते. त्यामुळे पिंजरा झाडण्यापूर्वी तळाचा कागद ओला करणे व नंतर हात धुणे हिताचे असते.

भारतीय पोपट आणि कायदा

भारतात आढळणारा कंठवाला पोपट, पहाडी पोपट व इतर देशी पोपट यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून ते पकडणे, विकणे किंवा पाळणे बेकायदेशीर आहे. या पोपटांच्या पिल्लांत बदलाचा वेगही निराळा असतो. कंठवाल्या पोपटाच्या नरास गळ्याभोवतीचे काळे-गुलाबी कडे येण्यास दोन ते तीन वर्षे लागतात, तोपर्यंत तो मादीसारखाच दिसतो. ढोलीतून काढलेली अशी पिल्ले अनेकदा पिसे पूर्ण येण्यापूर्वीच विकली जातात. असे पिल्लू सापडल्यास ते वनविभागाकडे सोपवणे आवश्यक असते.

बजरीगर हा विदेशी पक्षी असून संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांत त्याचा समावेश नाही. मात्र पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला हा पक्षी येथील मोकळ्या हवेत टिकून राहण्याची शक्यता फार कमी असते. पिसे गळू लागली किंवा चावू लागला म्हणून कंटाळून त्याला उडवून देणे म्हणजे त्याची मुक्तता ठरत नाही. बहुतेक वेळा ते वर्तन काही आठवड्यांच्या निर्मोचनाचाच भाग असते.